डॉक्टर म्हणाले, बरं आहे

बाबांचा घसा बसला तेव्हा आधी आम्ही त्याची यथेच्छ टिंगल केली. माझे बाबा लोकांना गाडी चालवायला शिकवतात आणि त्यांचा आवाज म्हणजे आमच्या भागातला भोंगा. "क्लच, क्लच. अहो, डावा पाय. जन्मल्यापासून जो डावा आहे तोच," हे वाक्य दोन गल्ल्या पलीकडच्या पोरांनाही पाठ होतं. तो आवाज आधी खरखरीत झाला, मग फाटका, आणि मग त्यात आवाज कमी आणि हवा जास्त.

"इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर ओरडलात," आई म्हणाली. "घसा म्हणाला असेल, मी आता जरा बसतो."

"बसू दे की. दमला की माणूस बसतोच. उठेल."

बसलेला घसा काही उठायचं नाव घेईना. बाबांनी शिकाऊ मंडळींसाठी नवीन भाषा काढली. डॅशबोर्डवर एक टकटक म्हणजे क्लच, दोन म्हणजे ब्रेक, आणि पूर्ण पंजा आपटला की देवाचं नाव घ्या. शिकणाऱ्यांना ती आवडलीसुद्धा. एक काकू मला म्हणाल्या, तुझे बाबा हल्ली किती शांत झालेत, आता माझी गाडी बंदच पडत नाही.

घरातला आवाजाचा कोटा मात्र भरून निघत होता, माझ्यामुळे. आधी वर्गात माझं नाव पुकारलं तरी माझी बोबडी वळायची. यंदा शाळेच्या वादविवादात आयत्या वेळी कुणीतरी आजारी पडलं, बाईंनी मला व्यासपीठावर ढकललं, आणि मी जी सुटले ती सुटलेच. बाबा मला लाउडस्पीकर म्हणायला लागले. "लाउडस्पीकर, जरा आवाज कमी कर, शेजारी अजून जिवंत आहेत," असं ते कुजबुजत म्हणायचे, आणि त्यांचं ते कुजबुजणं मला मुद्दाम केलेला विनोद वाटायचा.

शेवटी आईने त्यांना दवाखान्यात पिटाळलं.

कोपऱ्यावरच्या त्या दवाखान्यात पूर्वी एक म्हातारे डॉक्टर बसायचे. ते काही देवमाणूस वगैरे नव्हते. खेकसायचे, हात बर्फासारखे गार, आणि माझ्या गोवराला त्यांनी उष्णतेचे फोड ठरवलं होतं. पण आत गेलं की आधी मनगट धरायचे आणि मग म्हणायचे, "हं, बोल." ते गेले आणि एका कंपनीने दवाखाना घेतला. भिंती पांढऱ्या झाल्या. बाकं गेली, खुर्च्या आल्या. पूर्वीची बाकं समोरासमोर होती, त्यामुळे तुम्हाला काय झालंय हे डॉक्टरांच्या आधी अख्ख्या दवाखान्याला कळायचं. आता सगळ्या खुर्च्या एकाच दिशेला, भिंतीवरच्या टीव्हीकडे तोंड करून. दारात उंच काळं मशीन. त्यावर बोटाने आपला आजार निवडायचा.

बाबा परत आले ते हसतच. "घसा बसणे नावाचा आजारच नाही तिथे. घसा दुखणे आहे. म्हटलं चला, तेच दाबू. मग विचारतं, किती दुखतो? मी शून्य दाबलं. पुढेच जाईना. मग एक दाबला."

"पण दुखत नाही ना तुमचा?" आई म्हणाली.

"मशीनच्या समाधानासाठी थोडा दुखला."

"आणि डॉक्टर?"

"पोरगेलासा आहे. चांगला वाटला. मी बोलत होतो, तो टाइप करत होता, आणि सारखा 'बरं, बरं' म्हणत होता."

"घसा बघितला?"

"बघायला दुसरीकडे पाठवतात."

दुसरीकडे म्हणजे तपासणी केंद्र. तिथे नाकातून नळी घालून आत बघितलं आणि कणभर तुकडा काढून घेतला. ज्याने हे केलं तो नखशिखान्त झाकलेला होता आणि श्वास घ्या, श्वास सोडा यापलीकडे एक शब्द बोलला नाही. बाबा म्हणाले, "बाई होती की बाप्या, तेही सांगता येणार नाही. माझ्या नाकात शिरून गेलं कुणीतरी, ओळख नाही पाळख नाही."

निकाल सांगायला दवाखान्यात बोलवत नव्हते. डॉक्टर फोनवर दिसणार होते. वेळ आली तेव्हा बाबा दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात होते. रस्त्याच्या कडेला गाडी लावून, फोन स्टिअरिंगला टेकवून त्यांनी डॉक्टरांना बघितलं. संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या आईने चप्पलसुद्धा काढू दिली नाही.

"काय म्हणाले?"

"बरं आहे म्हणाले."

"असं म्हणाले? याच शब्दांत?"

"अगं, याच शब्दांत. मध्ये आवाज तुटत होता, बरंच काही इंग्रजीत होतं, पुढचं सगळं फोनवर पाठवलंय म्हणाले. पण शेवटी नीट ऐकलं मी. बरं आहे."

आई खुर्चीवर मटकन बसली. तोवर ती किती घाबरली होती हे मला तिच्या बसण्यावरून कळलं. मग तिने चहा टाकला, त्यात इतकी साखर घातली की चमचा उभा राहील, आणि बाबा म्हणाले, "आता डायबेटिसने मारतेस का?" आम्ही तिघंही खूप हसलो. बाबांचं हसणं म्हणजे नुसते खांदे हलत होते.

दवाखान्यातून त्यांच्या फोनवर रोज इतकं काहीतरी यायचं की बाबा त्यातलं फारसं उघडायचेही नाहीत. पाणी प्या. चाला. संपूर्ण तपासणीवर सवलत. तुमचा अनुभव कसा होता, तारे द्या. बाबांनी पाचच्या पाच तारे दिले. बिचाऱ्याने चांगली बातमी दिली, त्याला कशाला कमी तारे, म्हणाले.

त्यानंतर आमच्या घरात ते दोन शब्द फार कामाला आले. बाबांना पाणी पिताना ठसका लागायचा, आई म्हणायची, हळू प्या. जिना चढताना त्यांच्या श्वासाची शिट्टी वाजायची. घास गिळताना ते मान एका बाजूला वळवायला लागले, जसं काही मागून येणारी गाडी बघतायत. मी म्हणायचे, बाबा, परत दाखवायचं का? आई म्हणायची, "डॉक्टर बरं म्हणालेत ना? उगाच अभद्र बोलू नकोस." असं म्हणताना ती माझ्याकडे बघायची नाही. शर्टाचं वरचं बटण त्यांनी लावायचं सोडलं. फोनवर बोलणं सोडलं. मग शिकवण्या कमी व्हायला लागल्या, कारण टकटकीची गंमत किती दिवस टिकणार? लोकांना ओरडणारे मास्तर हवे असतात, निदान रडायला कारण मिळतं.

एका दुपारी मी शाळेतून आले तर गाडी दारात आणि बाबा गाडीतच, शेजारच्या सीटवर. शिकवणाऱ्याची ती सीट. तिच्या पायाशी जादा ब्रेक असतो. शिकणारा निघून गेला होता आणि बाबा तसेच बसून होते. मी दार उघडून स्टिअरिंगच्या बाजूला बसले.

"काय झालं?"

त्यांनी पुढच्या काचेतून बघत सांगितलं. मला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला. एक मुलगा सायकलवरून आडवा आला होता. शिकणारा भलतीकडे बघत होता.

"मी ओरडलो," बाबा म्हणाले. "जीव तोडून ओरडलो. आलंच नाही काही."

"पण मग?"

"पाय होता." त्यांनी खाली ब्रेककडे बोट दाखवलं. "त्या पोराला कळलंसुद्धा नाही."

मला खूप काही सुचत होतं आणि त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. मी दवाखान्याला फोन लावला. पलीकडून अत्यंत गोड आवाजात एक मशीन म्हणालं, आपली तक्रार एका वाक्यात सांगा. मला आयुष्यात कधी एका वाक्यात काही सांगता आलेलं नाही. मी सांगत गेले, ते म्हणत गेलं, माफ करा, समजलं नाही. शेवटी मी 'घसा दुखतो' म्हणाले आणि लगेच दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली.

आईच्या पडद्यांच्या दुकानात मालाची मोजदाद होती, तिला निघता येईना. शाळा बुडवून मी गेले.

काउंटरच्या काचेमागे एक ताई बसली होती. मी म्हटलं, "ताई, यांना बोलता येत नाहीये. जरा लवकर सोडाल का आत?"

"मशीनवर टाका."

"तेच सांगतेय, बोलता येत नाही."

"मशीनला बोलावं लागत नाही," ताई म्हणाली. तिने हे टोमण्याने नाही, खरोखर मदत म्हणून सांगितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. दिवसभर ती हेच वाक्य म्हणत असावी.

आम्ही टीव्हीकडे तोंड करून बसलो. टीव्हीवर एक बाई सफरचंद खात होती, आवाज बंद. शेजारच्या आजोबांच्या मांडीवर एक्स-रेचं पाकीट होतं आणि ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते, बहुधा आत गेल्यावर काय सांगायचं त्याची तालीम. आत किती वेळ मिळतो ते सगळ्यांना माहीत होतं.

आमचा नंबर लागला.

डॉक्टर खरंच पोरगेलासे होते. टेबलावर दोन मोठे स्क्रीन, दोन्हींची पाठ आमच्याकडे. दोन्हींच्या मधल्या फटीतून त्यांचा अर्धा चेहरा दिसायचा. बाजूला गार झालेला चहा, त्यावर साय. टेबलावर छोटा माइक होता, तो पेशंटचं बोलणं ऐकून आपोआप लिहून घेतो.

"या काका. काय होतंय?" डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाले.

बाबांनी सांगितलं. ओठ हलले.

"जरा मोठ्याने बोला, सिस्टिम पकडत नाहीये."

बाबा पुढे झुकले, माइकच्या अगदी जवळ, आणि पुन्हा सांगितलं. मानेच्या शिरा फुगल्या. डॉक्टर स्क्रीनकडे बघत राहिले. तिथे कोरी ओळ असणार.

"काका, अजून थोडं..."

"त्यांना तेच झालंय," मी म्हटलं. "आवाज गेलाय. तुम्ही म्हणाला होतात बरं आहे, आणि बरं नाहीये."

डॉक्टर काहीतरी शोधत खाली खाली गेले. माउसच्या चाकाची टिकटिक ऐकू येत होती. मग ते थांबले.

"काका, तुम्ही पुढची ट्रीटमेंट नाकारलीत ना?"

बाबांनी मान हलवली. नाही.

"इथे तसं आलंय. शस्त्रक्रियेची तारीख निवडायला लिंक पाठवली होती. तुम्ही निवडली नाहीत. आठवण पाठवली, तिलाही उत्तर नाही. त्यामुळे सिस्टिमने नाकारली म्हणून बंद केलं. आणि अनुभव पाच तारे आहे, म्हणजे मला वाटलं, तुम्ही दुसरीकडे उपचार घेताय."

"कसली शस्त्रक्रिया?" मी विचारलं.

डॉक्टरांनी आता पहिल्यांदा स्क्रीनच्या बाहेर तोंड काढलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. "मी सांगितलं होतं. त्या कॉलवर. मॅलिग्नन्सी आहे म्हणून सांगितलं होतं."

बाबा माझ्या कानाशी काहीतरी म्हणाले. मला ते मोठ्याने सांगणं भाग होतं. "बाबा म्हणतायत, त्यांना ते तपासणीच्या मशीनचं नाव वाटलं."



"तुम्ही कॅन्सर म्हणालात का?" मी विचारलं. माझा आवाज आपोआप वर चढला, व्यासपीठावर चढतो तसा. "तो शब्द म्हणालात का? आमच्या घरात तो शब्द आलाच नाही. आमच्या घरात बरं आहे आलं. तुम्ही बरं आहे म्हणालात की नाही?"

"मी बरं आहे कसं म्हणेन?" डॉक्टर म्हणाले. "रिपोर्ट समोर असताना मी बरं आहे म्हणणं शक्यच..." आणि ते तिथेच अडकले. त्यांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. "शेवटी म्हणालो असेन. फोन ठेवताना."

"म्हणालात."

"अहो, ते आपण म्हणतो ना. बरं आहे, ठेवतो. बरं आहे, निघतो. तसं."

हे ऐकून मला जे झालं ते नीट सांगता येत नाही. मला वाटलं होतं की त्यांनी चूक केली असेल, खोटं बोलले असतील, रिपोर्ट अदलाबदल झाले असतील. भांडायला मी पूर्ण तयारीनिशी आले होते. आणि निघालं काय, तर माणूस फोन ठेवत होता. मीसुद्धा रोज तसाच ठेवते. समोरासमोर बसून कुणी 'बरं आहे' म्हणत उठलं तर वेड्यालाही कळतं की हा निघाला. पण फोनच्या काचेत नुसतं तोंड दिसतं. उठलेलं दिसत नाही.

मी पुन्हा बोलायला लागले. काय बोलले आठवत नाही, लाज नाही वाटत का वगैरे असणार. बाबांनी माझ्या हातावर एकदा टकटक केलं. क्लच. सोड.



डॉक्टर उठले. कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेले. बेसिनमध्ये कागदाच्या रोलचे खोके रचलेले होते. त्यांनी ते एकेक काढून जमिनीवर ठेवले, नळ सोडला. नळ आधी खोकला, मग लालसर पाणी आलं, ते स्वच्छ होईपर्यंत ते पाठमोरे उभे राहिले. हात धुतले. पुसायला काही नव्हतं म्हणून स्वतःच्या पँटला पुसले. मग बाबांच्या खुर्चीमागे येऊन म्हणाले, "काका, हात लावू का मानेला?"

बाबांनी कॉलर बाजूला केली.

मान मागूनच तपासतात. त्यामुळे बाबांना त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मला दिसत होता. त्यांची बोटं जबड्याखालून हळूहळू खाली आली, दोन्ही बाजूंनी, जसं आंधळा माणूस भिंत चाचपतो. डाव्या बाजूला एका जागी थांबली. पुढे गेली आणि परत त्याच जागी आली. डॉक्टरांनी डोळे मिटले. मला त्यांचा राग येत होता आणि त्याच वेळी, त्या मिटलेल्या डोळ्यांवरून, मला सगळं कळलं.

"ही गाठ कधीपासून आहे?"

बाबांनी खांदे उडवले. मला कळलं, की बटण लावणं त्यांनी का सोडलं होतं.

टेबलावरचा एक स्क्रीन टुणटुण वाजायला लागला. वेळ संपली होती. डॉक्टरांनी हात लांब करून तो पालथा पाडला, खरोखरच पालथा, आणि चहा सांडला. मग ते फिरत्या खुर्चीवर न जाता टेबलाच्या आमच्याकडच्या कडेवर टेकले. त्यांचे गुडघे बाबांच्या गुडघ्यांना लागत होते.

"काका, घशाचा कॅन्सर आहे. स्वरयंत्राचा. तेव्हा तो लहान होता. आता मानेत उतरलाय असं माझ्या हाताला वाटतंय. किती, ते मोठ्या हॉस्पिटलमध्ये कळेल. मी आत्ता तिथल्या सर्जनला स्वतः फोन लावतो. लिंक नाही."

बाबांनी विचारलं. यावेळी डॉक्टर खाली वाकले, कान त्यांच्या तोंडापाशी नेला.

"आवाज?" डॉक्टर म्हणाले. "आवाज बहुतेक राहणार नाही. स्वरयंत्र काढावं लागेल. तेव्हा आला असतात तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, मग बहुधा वाटलं असावं की वाक्यं अर्धी सोडण्यानेच हे झालंय. "तेव्हा आला असतात तर आवाज बहुतेक वाचला असता. आता प्रयत्न जिवासाठी करायचाय. तोही नक्की सांगता येत नाही."

बाबांनी कॉलर नीट केली, वरचं बटण लावायचा प्रयत्न केला, लागेना, सोडून दिलं.

"बरं," ते म्हणाले. हवेत नुसता ब दिसला. कुठलं बरं ते मला आणि डॉक्टरांना, दोघांनाही कळलं.

बाहेर आलो तर ते आजोबा अजून पुटपुटतच होते. आमच्यामुळे त्यांचा नंबर लांबला होता आणि त्यांनी आमच्याकडे रागाने बघितलं.

गाडीत मी शिकवणाऱ्याच्या सीटवर बसले, कारण पुढे दुसरी जागा नव्हती. बाबांनी पट्टा लावला, आरसा बघितला, सिग्नल दिला, सगळं अगदी शिकवतात त्या क्रमाने. दुसऱ्या चौकात लाल दिवा होता. त्यांनी तो बघितला असं मला वाटलं. गाडी हळू झाली नाही. माझा पाय आपोआप जादा ब्रेकवर गेला आणि मी तो सगळ्या ताकदीने दाबला. पट्टे आवळले. मागच्या गाडीवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

बाबांनी माझ्या पायाकडे बघितलं. मग दिव्याकडे. मग कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. हिरवा झाला तरी आम्ही तिथेच होतो, लोक वळसा घालून शिव्या देत जात होते. माझ्या बाबांना शिव्या, गाडी नीट चालवत नाही म्हणून.

माझ्या फोनवर आईचं नाव आलं. वाजून थांबलं. परत आलं. बाबांनी मान न उचलता हाताने खूण केली, घे.

"नाही घेणार," मी म्हटलं. "फोनवर नाही सांगणार मी. दुकानात चला."

त्यांनी मान डोलावली. फोन आणखी एकदा वाजला. आईला माहीत आहे की मी फोन न उचलणारी मुलगी नाही. तिकडे तिचं काय होत असेल ते मला कळत होतं, तरी मी तो मांडीखाली घालून त्यावर बसले.

दुकानात आई काउंटरवर कापड पसरून उभी होती, समोर एक गिऱ्हाईक बाई, सभोवती मोजणीचे गठ्ठे. आईच्या एका हातात फोन आणि दुसऱ्यात कात्री. आम्हाला दोघांना दारात बघितलं आणि तिने फोन खाली ठेवला. कात्री तशीच धरून राहिली.

"उचलत का नव्हतीस?" ती म्हणाली. मी उत्तर द्यायच्या आधीच म्हणाली, "काय म्हणाले?"

काउंटरची फळी उचलून मी आत गेले. तिच्या इतक्या जवळ की तिला माझ्यामागचं दुसरं काही दिसू नये. मला वाटलं होतं, मला जमेल. मला हल्ली बोलता येतं. मी तिचे दोन्ही दंड धरले आणि सांगितलं. मधले शब्द गाळले नाहीत. कॅन्सर म्हटलं. मानेत गाठ म्हटलं. आवाज जाईल म्हटलं, आणि जीव वाचेल की नाही ते माहीत नाही, असंही म्हटलं. आणि तेव्हा ते 'बरं आहे' म्हणाले होते ना, ते फोन ठेवत होते, हेही सांगितलं. तिचे दंड माझ्या हातात हळूहळू जड होत गेले.

"फोन ठेवत होते," आई म्हणाली.

"हो."

तिने मला बाजूला केलं आणि बाबांपाशी गेली. "कुठे आहे?"

बाबांनी तिचा हात घेतला आणि मानेवर, डाव्या बाजूला, त्या जागी ठेवला. आईने तो तिथेच राहू दिला. तिच्या बोटांना दिवसभराच्या कापडाचे धागे चिकटलेले होते.

"मी रोज शेजारी झोपते तुमच्या," ती म्हणाली.

बाबा काहीतरी सांगायला लागले. ते बरंच लांबलचक होतं. आईने डोकं त्यांच्या तोंडाशी नेलं आणि ऐकत राहिली.

"ताई," गिऱ्हाईक बाई मागून म्हणाली, "माझं कापड कापून देताय ना? किती वेळ उभी आहे मी."

मी आईच्या हातातून कात्री काढून घेतली. मला सरळ कापता येत नाही, कधीच आलं नाही. मी त्या बाईंना म्हटलं, "थोडं थांबा. माझे बाबा बोलतायत."